पट्टे नेमके कुणाचे?

(१९९५ च्या दहावीच्या तुकड्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे माझे सर आणि बाई, आणि तीस वर्षांनंतरही पुढच्या रांगा मोकळ्या ठेवून मागेच गर्दी केलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि "कॉम्प्युटरवाली आहेस, एआयवर बोल" असं सांगितलं आहे. एआय येईल, पण शेवटी आणि थोडंसंच. मी आज एका शब्दावर बोलणार आहे. आपल्या इंग्रजीच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांना आठवत असेल, शब्द अडला की त्या अर्थ सांगायच्या नाहीत, डिक्शनरी आणायला पाठवायच्या. कपाटातली ती जाड डिक्शनरी आणायला जाण्यात तासाची पाच मिनिटं सहज निघून जायची, म्हणून आम्ही मुद्दाम शब्द अडवायचो. बाई, आज कबूल करते.

शब्द आहे 'म्वारे'. तो माझ्या वाट्याला कसा आला, ते आधी सांगते.

या स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करून स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. काम सोपं वाटलं होतं. पण आपण सांगलीचे. २००५ चा पूर आणि २०१९ चा पूर, या दोन पुरांनी गावातल्या किती घरांचे अल्बम नेले, ते तुम्हाला मी सांगायला नको. आपले वर्गफोटो ज्या स्टुडिओने काढले, त्यांच्या निगेटिव्हचे डबे पहिल्याच पुरात गेले. आमच्या 'ब' तुकडीच्या फोटोची मूळ प्रत एकाच्याही घरी मिळाली नाही. मिळाला तो शाळेचा त्या वर्षीचा वार्षिक अंक, आणि त्यात छापलेला आमचा फोटो. चोपन्न मुलंमुली, तीन रांगा, पुढे खुर्च्यांवर गुरुजन.

मी तो घाईत स्कॅन केला आणि ग्रुपवर टाकला. तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलाच. चोपन्न जणांच्या तोंडांवरून आडवेतिडवे पट्टे! कुणी लिहिलं, "वाघ झालो रे सगळे." कुणी लिहिलं, "स्कॅनर फेकून दे." छापखाना असलेल्या आपल्या मित्राने लगेच बाजू घेतली, "छपाईत असले पट्टे नसतात, अंक काढून बघ." मी अंक काढून भिंगातून पाहिला. खरंच पट्टे नव्हते. मग दुसरा एक साधा फोटो स्कॅनरवर ठेवला. तो स्वच्छ आला. म्हणजे अंकात पट्टे नाहीत, स्कॅनरमध्येही पट्टे नाहीत. मग हे पट्टे आहेत तरी कुणाचे?

त्याचं उत्तर द्यायला मी घरून दोन वस्तू आणल्या आहेत. मैद्याच्या दोन चाळण्या. एक आमची, एक सासूबाईंची. सासूबाईंची परत न्यायची आहे, तेव्हा जपून. ही एक चाळण उजेडासमोर धरली, तर काय दिसतं? बारीक, एकसारखी जाळी. दुसरी धरली, तरी तेच. आता एकीवर एक ठेवते आणि वरची अगदी किंचित फिरवते. दिसलं? मोठमोठे काळे-पांढरे पट्टे. जरा जास्त फिरवली की पट्टे बारीक होतात. उलट फिरवत आणली की पसरतात, आणि दोन्ही जाळ्या बरोबर जुळल्या की नाहीसे होतात. या चाळण्या मी पहिल्या रांगेत देते, फिरवत फिरवत मागे जाऊ द्या.

होतं ते एवढंच. जिथे भोकावर भोक येतं, तिथून उजेड येतो. जिथे भोकावर तार येते, तिथे उजेड अडतो. दोन्ही जाळ्या जवळजवळ सारख्या, पण तंतोतंत नाहीत, म्हणून हे जुळणं आणि न जुळणं ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा होत राहतं. त्या पुन्हा पुन्हा होण्याचे हे पट्टे. ते पहिल्या जाळीत नाहीत, दुसरीतही नाहीत. दोघी एकमेकींवर आल्या, म्हणून झाले. एकसारख्या बारीक नक्ष्या एकमेकींवर आल्या की जी तिसरी मोठी नक्षी दिसते, तिला म्वारे म्हणतात.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, म्वारे म्हणजे काय? मी ठोकून दिलं, "म्वारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेला परिणाम." त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांनाही माहीत नसावं. पुढे बरीच वर्षं मीही तेच धरून होते. डॉपलर, रामन, तसा हा कुणी म्वारे.

बाईंची डिक्शनरी तेव्हा आणायला हवी होती. म्वारे हा माणूस नाहीच, ते कापड आहे. फ्रेंच भाषेत ज्या रेशमावर पाण्याच्या लाटांसारखी झाक उमटवलेली असते, त्याला म्वारे म्हणतात. इंग्रजीत तेच 'वॉटर्ड सिल्क'. बारीक उभार रेघांचं रेशीम घ्यायचं, दुमडून दोन पदर एकमेकांवर ठेवायचे आणि प्रचंड दाबाखालून न्यायचं. एका पदराच्या रेघा दुसऱ्यावर चेपल्या जातात, काही ठिकाणी सपाट होतात, काही ठिकाणी राहतात, आणि उजेडात कापडावर पाणी हलल्यासारखं दिसतं. म्हणजे आपल्या चाळण्यांचाच खेळ, फक्त दाबून कायमचा केलेला. पैठणीची धूपछाव मात्र वेगळी हं. तिथे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून साडी हलली की रंग बदलतो. त्यात म्वारे नाही. हे सांगते, कारण एका मैत्रिणीने मला तसं ठामपणे सांगितलं होतं आणि मी तिला चहा होईपर्यंत विरोध केला होता.

शब्द अजून मागे जातो. बहुतेक शब्दकोश सांगतात की फ्रेंच 'म्वार' आला 'मोहेअर'वरून, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीच्या कापडावरून, आणि मोहेअर आला अरबी 'मुखय्यर'वरून. मुखय्यर म्हणजे निवडक, उत्तम. निवडक कापड, मग शेळीच्या लोकरीचं कापड, मग पाण्याची झाक असलेलं रेशीम, मग ती झाक, आणि शेवटी प्रयोगशाळेतले पट्टे. शब्दाने इतकी घरं बदलली की मूळ गावाचा पत्ताच राहिला नाही. मराठीत मला याला रुळलेला शब्द सापडला नाही. मी माझ्यापुरतं 'लहरजाळ' म्हणते. मराठीच्या सरांना तो पसंत पडलेला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला इथूनही दिसतं आहे. सर, तुम्ही द्या एखादा.

आता चाळणीकडून पुन्हा फोटोकडे. इथे दोन जाळ्या कुठल्या?

पहिली आहे छपाईची. काळ्या शाईने छापताना करडा रंग छापता येत नाही. शाई एक तर लागते, नाहीतर लागत नाही. म्हणून फोटोचे ठिपके करतात. गडद जागी मोठे ठिपके, फिकट जागी लहान, पण सगळे एका जाळीत, समान अंतरावर. याला हाफटोन म्हणतात. वर्तमानपत्राचा फोटो भिंगाखाली धरा, लगेच दिसेल. आपल्या अंकात इंचाला साधारण ८५ ठिपक्यांची जाळी आहे, मी मोजली.

दुसरी जाळी स्कॅनरची. स्कॅनर काय, मोबाइलचा कॅमेरा काय, चित्र सलग पाहत नाही. ठरावीक अंतरावर एकेक ठिपका टिपत जातो. समजा, कागदावर एका ओळीत इंचाला ८५ ठिपके आहेत आणि आपण इंचात ८० वेळाच डोकावलो. प्रत्येक वेळी आपण ठिपक्याच्या जरा वेगळ्या भागावर पडतो; कधी मधोमध, कधी कडेला, कधी दोन ठिपक्यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर. हे चक्र इंचात किती वेळा पूर्ण होईल? ८५ वजा ८०, पाच वेळा. म्हणून इंचाला पाच पट्टे दिसतील, जे कागदावर कुठेच नाहीत. टीव्हीवर बारीक चौकटीचा शर्ट घालून कुणी बसलं की शर्ट झगमगायला लागतो, तो याच कारणाने. माहीतगार वृत्तनिवेदक असले शर्ट टाळतात.

आणि इथे माझी चूक होती. स्कॅनर ८५ ठिपके नीट टिपू शकत होता. मी घाईत कमी डीपीआयवर स्कॅन केलं, नंतर ग्रुपवर टाकताना व्हॉट्सॲपने ते आणखी लहान केलं. लहान करणं म्हणजे काय, तर पुन्हा एकदा कमी वेळा डोकावणं. दोन वेळा चाळण्यांवर चाळण्या. एकदा असे पट्टे तयार होऊन चित्रात मिसळले की ते पुसणं फार कठीण, कारण त्यानंतर यंत्राला चेहरा कुठला आणि पट्टा कुठला, हे कळायला मार्गच उरत नाही.

उपाय सोपा आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी भरपूर बारकाईने स्कॅन करायचं. मी १२०० डीपीआयवर केलं, म्हणजे छपाईचा एकेक ठिपका वेगळा, गोलसर दिसायला लागला. मग गाळायचं, म्हणजे शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून जाळी विरघळवायची. आणि त्यानंतरच लहान करायचं. टिपा, गाळा, मग लहान करा. आधी लहान करून मग गाळलं तर पट्टे पक्के होतात. रोजच्या कामात मी हे तरुण मुलांना शिकवते आणि स्वतःच्या वर्गाच्या फोटोला मात्र उलट क्रम लावला. घरचं काम म्हणून.

गाळण्याची याहून चांगली रीत फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने चालते. हा मात्र खरंच माणूस होता. चित्रातल्या नक्ष्या त्यांच्या दाटपणाप्रमाणे वेगळ्या मांडल्या, तर चेहरे, कपडे, भिंत हे सगळं मध्यभागी धुक्यासारखं दिसतं आणि छपाईची जाळी मात्र भोवती ठरावीक जागी चमकणाऱ्या चांदण्यांसारखी. चांदण्या तेवढ्या झाकायच्या आणि चित्र परत उलटं मांडायचं. जाळी जाते, बाकी बरंचसं राहतं. पहिल्यांदा ते केलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि पट्ट्यांमागून एकेक जण बाहेर यायला लागला. खरं सांगते, ऑफिसात इतकी वर्षं हेच करूनसुद्धा कधी घसा दाटला नव्हता.

पण या पट्ट्यांना मी नुसती शिवी द्यायला उभी नाही. ते उपयोगाचेही आहेत, आणि त्यातला एक उपयोग आपण सगळ्यांनी शाळेत हाताळला आहे.

वरची चाळण मी एक अंशाने फिरवली. एक अंश म्हणजे डोळ्याला न कळणारी गोष्ट. पण जाळीतलं अंतर अर्धा मिलिमीटर असेल, तर पट्टे जवळजवळ तीन सेंटीमीटरचे होतात. सत्तावन्न पट. म्हणजे दोन गोष्टींमधला बारीकसा फरक हे पट्टे मोठा करून दाखवतात. भिंगात काच असते, इथे काच नाही, तरी भिंगाचं काम होतं.

विज्ञानाच्या सरांची व्हर्नियर कॅलिपर आठवते? निळ्या मखमलीच्या खोक्यातली, जिला सर स्वतःखेरीज कुणाला रुमालाशिवाय हात लावू देत नसत. मुख्य पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा, आणि सरकत्या पट्टीवर नऊ मिलिमीटरचे केलेले दहा भाग. आपण 'कुठली रेघ जुळली' ते पाहायचो आणि 'लघुतम माप ०.१ मिलिमीटर' असं वहीत लिहायचो. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. ते म्वारेच आहे, रेघांचं. एक जाळी १ मिलिमीटरची, दुसरी ०.९ ची. जबडा ०.१ मिलिमीटर सरकला की जुळणारी रेघ मुख्य पट्टीवर १ मिलिमीटर पुढे जाते. दहापट. पिएर व्हर्निये यांनी ही युक्ती १६३१ साली मांडली.

हिशोबही सोपा आहे. दोन अंतरांचा गुणाकार करायचा आणि त्यांच्यातल्या फरकाने भागायचं. १ गुणिले ०.९ भागिले ०.१, उत्तर ९. नऊ मिलिमीटरनंतर रेघा पुन्हा जुळतात. बरोबर, सर?

आता हाच हिशोब मी तुम्हाला कॅलेंडरवर करून दाखवते, कारण तो मला सुचला तेव्हा मी स्वयंपाकघरात अनारशांचं पीठ मळत होते. अधिक महिना, आपला धोंड्याचा महिना, दर अडीच-पावणेतीन वर्षांनी का येतो? चंद्राचा महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. सूर्य एका राशीत राहतो सरासरी ३०.४४ दिवस. एका जाळीवर दुसरी जाळी. फरक ०.९१. गुणाकार करा, फरकाने भागा. साधारण ९९० दिवस येतात, म्हणजे सौर महिन्यांत साडेबत्तीसच्या आसपास. एवढ्या काळात दोन्ही जाळ्या पूर्ण एका घराने चुकतात, एक चांद्र महिना असा येतो की ज्यात संक्रांतच पडत नाही, आणि तो आपण अधिक धरतो. २०२३ साली अधिक श्रावण झाला, त्यानंतरचा अधिक ज्येष्ठ २०२६ मधला. जावयांनो, तुम्हाला मिळणारे तेहतीस अनारसे हे म्वारेचा पट्टा आहे. आमच्या घरी हे सांगितल्यावर जावयाने अनारसा तोंडात असतानाच मान हलवली.

आणि कानाने ऐकायचं म्वारे आपल्या शेजारी, मिरजेत तयार होतं. तंबोऱ्याच्या मधल्या जोडीच्या दोन तारा एकाच षड्जात लावायच्या असतात. जवळ आल्या पण जुळल्या नाहीत, की आवाज फुगतो-ओसरतो, फुगतो-ओसरतो. एक तार सेकंदाला १४० वेळा कंप पावते आणि दुसरी १४२ वेळा, तर असा झोका सेकंदाला दोनदा. जसजशा जुळत जातात, तसतसा झोका लांबतो, आणि मग थांबतो. पुस्तकात आपण याला विस्पंद म्हणून शिकलो. गाण्याच्या बाई डोळे मिटून कशाची वाट पाहायच्या, ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

शास्त्रज्ञांनी याचे फार मोठे उपयोग केले, ते झटपट सांगते, नाहीतर घंटा होईल. लॉर्ड रॅले यांनी १८७४ मध्ये लिहून ठेवलं की काचेवर कोरलेल्या अतिबारीक रेघांची नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही, ते दोन्ही काचा एकमेकींवर ठेवून पट्ट्यांवरून तपासता येतं. रेघ दिसत नाही, पण रेघेची चूक दिसते. जपानमध्ये ताकासाकी यांनी १९७० मध्ये जाळीची सावली अंगावर पाडून शरीराचे उंचसखल भाग मोजण्याची पद्धत मांडली, आणि तिथे शाळकरी मुलांच्या पाठीचा कणा वाकडा होतो आहे का, ते तिने तपासू लागले. दोन्ही खांद्यांवरचे पट्टे सारखे नसतील तर पुढची तपासणी करायची. क्ष-किरणांची गरज नाही, मूल पाठमोरं उभं राहिलं की काम झालं. आणि २०१८ मध्ये एमआयटीतल्या पाब्लो हारिओ-हेरेरो यांच्या गटाने कार्बनचे एकेक अणू जाडीचे दोन थर एकमेकांवर १.१ अंशाने फिरवून ठेवले. अणूंच्या जाळ्यांचं म्वारे झालं, आणि अतिशय थंड केल्यावर त्यातून वीज कुठलाही विरोध न होता वाहायला लागली. पदार्थ तोच, फक्त कोन बदलला. यावर मी तासभर बोलू शकते, पण बोलत नाही.

तुमच्या हातात येईल त्या स्मरणिकेच्या रंगीत मुखपृष्ठाबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. रंगीत छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार जाळ्या एकमेकींवर येतात. म्हणजे पट्ट्यांना आमंत्रणच. म्हणून छापखान्यात प्रत्येक जाळीचा कोन वेगळा ठेवतात. सर्वसाधारणपणे काळा ४५ अंशांवर, निळा १५ वर, किरमिजी ७५ वर. या तिघांमध्ये तीस-तीस अंशांचं अंतर. कोन जितका मोठा, तितके पट्टे बारीक, हे आपण चाळणीत पाहिलंच. इतके बारीक की डोळ्याला कळत नाहीत. पिवळ्याला जागा उरत नाही, पण तो इतका फिकट की कुणाच्या अध्यात-मध्यात येत नाही. म्हणून त्याला शून्यावर बसवतात. वर्गात असा एकेक असतोच. भिंग लावून मुखपृष्ठ पाहा, ठिपक्यांची बारीक फुलं दिसतील. आपल्या छापखानेवाल्या मित्राने मला हे तासभर उभं राहून दाखवलं, आणि वर सुनावलं, "जाळी न काढता फोटो दिलास तर मी जाळीवर जाळी छापणार नाही." त्याच्या त्या अटीमुळेच फोटोवर इतकं काम झालं.

आता जे सांगणार आहे, ते काकूंची परवानगी घेऊन सांगते.

आमच्या तुकडीतली एक मैत्रीण आज आपल्यात नाही. नाव घ्यायची गरज नाही. तिच्या आईने, आपल्या काकूंनी, माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: तिचा शाळेतला फोटो. त्यांच्या घरातलं सगळं २०१९ च्या पुरात गेलं. तिचा शाळेतला फोटो म्हणून उरला आहे तो हाच, अंकातला, मधल्या रांगेतला.

जाळी काढल्यावर मी तिचा चेहरा मोठा करून पाहिला. छापील फोटोत तो चेहरा चार मिलिमीटरचा आहे. इंचाला ८५ ठिपके म्हणजे चार मिलिमीटरमध्ये तेरा. तेरा आडवे, तेरा उभे, १६९ ठिपके. तिच्याबद्दल त्या कागदाला एवढंच माहीत आहे. त्यातून काय दिसतं? दोन वेण्या वर दुमडून बांधलेल्या, त्यावर रिबिनींचे पांढरे ठिपके. मान डावीकडे जरा कललेली. आणि ओठांच्या जागी एक उजळ रेघ, म्हणजे ती हसते आहे. संपलं.

मग मी तेच केलं, जे आज कुणीही करेल. एआयचं एक साधन वापरलं. आमच्या क्षेत्रात ती रोजची गोष्ट आहे. अर्ध्या मिनिटात समोर एक सुंदर मुलगी आली. रेखीव भुवया, पापण्यांचा केस न् केस, आणि हसताना दिसणारे एका ओळीत बसवलेले दात.

ज्यांनी तिला पाहिलं आहे, ते आत्ता हसताहेत. तिचा दातावर दात होता. आणि तो दाखवत ती इतकं हसायची की बाई तिला बाहेर उभं करायच्या.

यंत्र खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. १६९ ठिपक्यांत पापण्या नव्हत्याच. त्याने दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून असा चेहरा साधारण कसा असतो, ते शोधून भरलं. पट्टे काढताना मी कागदावर नसलेली गोष्ट वजा करत होते. इथे यंत्र कागदावर नसलेली गोष्ट मिळवत होतं. दोन्ही स्वच्छच दिसतात, हीच अडचण आहे. पट्ट्यांचं निदान असं असतं की चूक झाली हे ओरडून सांगतात.

मी काकूंकडे दोन्ही प्रती घेऊन गेले. कुठली कशी केली, ते आधी सांगितलं नाही. एआयची प्रत त्यांनी बराच वेळ हातात धरली. म्हणाल्या, "गोड आहे गं. पण ही कोण?" मग दुसरी घेतली, मऊ, धूसर, वीतभर लांबूनच कळेल अशी. चष्मा काढला, कागद लांब धरला आणि लगेच म्हणाल्या, "अशीच उभी राहायची मान वाकडी करून. किती सांगितलं तरी सरळ नाही." तीच प्रत त्यांनी ठेवून घेतली. स्मरणिकेतही तोच फोटो आहे. काहींना तो अस्पष्ट वाटेल. तो तसाच ठेवावा, असा माझा आग्रह होता आणि संपादक मंडळाने तो मानला.

तेव्हा दोन विनंत्या. स्मरणिकेतल्या त्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, नवी छपाई म्हणजे नवी जाळी, पट्टे परत येतील आणि मला पुन्हा वाघांचे मेसेज येतील. ज्यांना प्रत हवी, त्यांना मी मूळ फाइल पाठवते.

दुसरी, फोटोखाली आपण त्रेपन्नच नावं छापू शकलो. मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा मुलगा कोण, हे ना मला सांगता आलं, ना सरांना, ना हजेरीपटाला, कारण तोही पुरात गेला. अर्धा चेहरा पुढच्याच्या डोक्यामागे आहे, कान मोठे आहेत, एवढं दिसतं. तो इथे बसला असेल तर त्याने हात वर करावा. नसेल, तर कुणाला आठवलं तर चहाच्या वेळी मला गाठा. आणि चाळण्या कुठल्या रांगेत पोचल्या आहेत? त्या पुढे द्या बघू, सासूबाईंची मला संध्याकाळी लागणार आहे.